आठ पॉइंट दोनवरचा काटा

मित्रांनो, मी एक जुना सामूमापक आहे. माझ्यासारखी जुनी यंत्रं आपली गोष्ट सांगायला बसली की छाती फुगवून सांगतात. किती झिजलो, किती उपयोगी पडलो, किती कौतुक झालं. कौतुक माझंही खूप झालं, आणि तेच सांगायची मला जास्त लाज वाटते. माझ्या डोळ्यांदेखत लाखो पिल्लं मेली. एका भल्या बाईला सगळ्यांसमोर मान खाली घालून घरी जावं लागलं. त्या सगळ्या दिवसांत मी टेबलावर बसून ‘सगळं ठीक आहे’ एवढंच सांगत होतो.

आधी माझं काम सांगतो. पाणी किती आंबट आहे, हे मी आकड्यात सांगतो. त्या आकड्याला सामू म्हणतात. लिंबाचा रस दोनच्या आसपास, शुद्ध पाणी सात, साबणाचं पाणी नऊ-दहा. समुद्राचं पाणी आठच्या थोडं वर असतं, निदान असायचं. आकडा खाली उतरला की समजायचं, पाणी आंबटाकडे झुकलं. माझ्या लाकडी पेटीला पुढून काच आहे, काचेमागे काटा आहे, खाली एक काळी घुंडी आहे. तारेच्या टोकाला काचेची नळी आहे आणि नळीच्या टोकाला कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ काचेचा फुगा आहे. पाण्यात बुडतो तो हा फुगा. काटा नुसता त्याचा निरोप पोचवतो.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथल्या काचकाम करणाऱ्या बाईंनी माझा फुगा फुंकला. त्यांच्या हातून आधीचे सतरा फुटले होते, त्यामुळे अठरावा मी जमलो तेव्हा त्या कपाळ पुसून हसल्या. मला तपासणारा माणूस मात्र हसला नाही. तो म्हणाला, “ह्या जातीला एक खोड आहे. रोज थोडं थोडं सरकतं. रोज सकाळी बाटलीतल्या द्रावणात बुडवायचं आणि घुंडी फिरवून काटा जागेवर आणायचा. मग दिवसभर खरं बोलतं.” त्या बाटलीतल्या द्रावणाचा सामू ठरलेला असतो. त्याला प्रमाण द्रावण म्हणतात. माझ्याबरोबर पेटीत दोन बाटल्या आल्या आणि एक कागद आला, त्यावर हेच छापलेलं होतं.

मी आलो समुद्रकाठच्या एका हॅचरीत. तिथे कालवांची पिल्लं तयार करत. कालव म्हणजे शिंपल्यात राहणारा, खडकाला चिकटून जगणारा जीव. मोठी कालवं टाकीत अंडी सोडत, अंड्यांतून डोळ्याला न दिसणारी पिल्लं निघत, आणि दोन-तीन आठवड्यांनी ती खाडीकाठच्या घरांना वाढवायला दिली जात. पंचवीस घरांचं पोट त्या पिल्लांवर होतं.

हॅचरी मालकीणबाईंची होती, पण पाणी काकांचं होतं. काका म्हणजे कोणाचेच काका नव्हेत. मालकीणबाईंच्या वडिलांच्या वेळेपासूनचे कामगार, म्हणून सगळ्यांचेच काका. त्यांचा नेम असा की घड्याळानं त्यांच्याकडे बघून स्वतःला लावून घ्यावं. सकाळी सहाला यायचे, हात धुवायचे, मला प्रमाण द्रावणात बुडवून घुंडी लावायचे, मग टाकीच्या पाण्यात बुडवायचे आणि वहीत आकडा लिहायचे. आठ पॉइंट दोन. वर्षानुवर्षं आठ पॉइंट दोन. शाळेची मुलं बघायला आली की काका मला दोन्ही हातांनी उचलून दाखवत. “हा आपला वैद्य. समुद्राची नाडी बघतो. ह्याचा शब्द म्हणजे शब्द.” मुलं टाळ्या वाजवत आणि मी आतल्या आत फुशारून जात असे.

मग एका पावसाळ्यात रस्ता खचला आणि द्रावणाच्या बाटल्या वेळेवर आल्या नाहीत. जुनी बाटली तळाला गेली होती. सकाळचे सहा वाजले होते. नेम चुकवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बाटलीत काय असतं, तर कधीही न बदलणारा आकडा. आणि ह्या जगात कधीही न बदललेली गोष्ट काकांना एकच माहीत होती. त्यांनी मला समुद्राच्या पाण्यात बुडवलं, घुंडी फिरवून काटा आठ पॉइंट दोनवर आणला आणि म्हणाले, “समुद्रापेक्षा मोठं द्रावण कुठलं आणणार?”

मित्रांनो, चूक एवढीच. त्यात आळस नव्हता, लबाडी नव्हती. आठवड्याभरानं नव्या बाटल्या आल्या. काकांनी त्या पुसून वरच्या फळीवर ठेवल्या, आणि तिथेच राहू दिल्या. समुद्र दारात असताना बाटली कशाला फोडायची, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी सहाला, एकही खाडा न करता, ते मला समुद्रात बुडवून समुद्राचा आकडा मला शिकवू लागले. मग तेच पाणी ते मला मोजायला देत. मी काय वेगळं सांगणार?

तुम्ही विचाराल, तुला कळत नव्हतं का? कळत होतं. काटा घुंडीच्या हातात असला तरी फुगा पाण्यातच होता. दर मोसमाला पाणी मला थोडं जास्त झोंबत होतं. गावाचं सांडपाणी आता थेट खाडीत येत होतं, त्यातली घाण तळाशी कुजत होती. आणि धूर तर सगळीकडूनच येत होता. काटा खाली ओढ घ्यायचा, घुंडी त्याला वर आणायची, आणि मी मूग गिळून बसायचो. मला वाचा नाही, हे खरं आहे. पण खोटं कशाला बोलू, ‘ह्याचा शब्द म्हणजे शब्द’ हे ऐकायला मला आवडत होतं.

मग पिल्लं मरायला लागली.

आता हिरवीताईंबद्दल सांगतो. पिल्लांचं खाणं म्हणजे एक बारीक शेवाळ असतं. ते काचेच्या चंबूंत वाढवावं लागतं. ते काम ह्या बाई करत. हात धुऊन धुऊन थकल्या तरी नखांच्या कडा हिरव्याच राहायच्या, म्हणून सगळे त्यांना हिरवीताई म्हणत. काकांनीच त्यांना अकरा वर्षांपूर्वी कामाला लावलं, काम शिकवलं. चंबूंशी त्या बोलायच्या, रागावायच्या, एखादा चंबू फिका पडला तर जेवायच्या नाहीत. सूक्ष्मदर्शकातून पिल्लं मोजायचं कामही त्यांचंच होतं.

एक दिवसाचं निरोगी पिल्लू अर्ध्या चंद्रासारखं दिसतं. अंगावर पहिलं कवच चढलेलं असतं, पारदर्शक आणि नेटकं. त्या मोसमात हिरवीताईंना दिसलं की कवचाच्या कडा कुरतडल्यासारख्या आहेत. काही पिल्लांना कवच नव्हतंच. तिसऱ्या दिवशी टाकीच्या तळाला पांढरी भुकटी साचली. मालकीणबाई विचारायला लागल्या, “ही राख कसली?” ती राख नव्हती.

एक टाकी गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. मालकीणबाई काकांना म्हणाल्या, “काका, पाण्यात काही आहे का?”

काकांनी मला बुडवलं. आठ पॉइंट दोन. “पाण्याला नावं ठेवू नका बाई. हे बघा, तुमच्या समोर आहे. पाणी ठीक, उष्णता ठीक. मग राहिलं काय? खाणं.”

असं खापर हिरवीताईंच्या डोक्यावर फुटलं. त्यांनी सगळे चंबू तीनदा उकळून घेतले. नवीन शेवाळ लावलं. पिल्लं मरतच राहिली. शेवटी त्या काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“काका, पहिल्या दिवशी ती काही खातच नाहीत. अंड्यातल्या शिदोरीवर जगतात. माझं खाणं त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच ती आजारी पडतात. मग खाण्याचा दोष कसा?”

“मग कोणाचा? समुद्राचा?” काका म्हणाले. “अगं, मी तुझ्या दुप्पट वर्षं हे पाणी बघतोय.”

त्यानंतर एकदा पंप बिघडला आणि एक टाकी सकाळऐवजी दुपारी भरावी लागली. त्या टाकीतली पिल्लं जगली. हिरवीताई धावत आल्या. “काका, दुपारच्या पाण्यात काहीतरी वेगळं आहे. आत्ता, ह्या घडीला मोजून बघा. माझ्यासाठी बघा.”

काकांनी मला दुपारच्या पाण्यात बुडवलं, आणि माझा काटा उठला. आठ पॉइंट दोन सोडून तो वर सरकला आणि आठ पॉइंट पाचवर थांबला. दुपारी उन्हात पाण्यातल्या वनस्पती आंबटपणा आणणारा वायू शोषून घेतात, म्हणून ते पाणी सकाळच्या पाण्यापेक्षा बरं होतं. घुंडी सकाळच्या पाण्यावर लावलेली होती, म्हणून हा फरक मला दाखवता आला. मित्रांनो, इतक्या दिवसांत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. हिरवीताई ओरडल्या, “बघा! हलला!”

काका काट्याकडे बघत राहिले. आठ पॉइंट पाच त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या पेटीला हात लावला. “यंत्र तापलंय उन्हानं,” ते म्हणाले, आणि घुंडी फिरवून मला परत आठ पॉइंट दोनवर आणलं.

मी परत आलो. जरासुद्धा अडलो नाही. घुंडी अडकते, काटा चिकटतो, जुन्या यंत्रांचं काय काय होतं. माझं त्या दिवशी काहीही झालं नाही. लोण्यातून सुरी जावी तसा मी मुकाट जागेवर येऊन बसलो. पुढच्या आयुष्यात मी तो क्षण किती वेळा आठवला असेन याला गणती नाही.

दोन दिवसांनी आणखी तीन टाक्या गेल्या. मालकीणबाईंचा धीर सुटला. दुपारी सगळे कामगार अंगणात डबे उघडून बसले होते. तिथेच त्या हिरवीताईंना म्हणाल्या, “उद्यापासून तुम्ही येऊ नका. पिल्लं तुमच्या हातची मरतायत, मी तरी काय करू?” हिरवीताईंनी काकांकडे पाहिलं. काका आपला डबा लावत होते. झाकण बसत नव्हतं, तेच परत परत दाबत होते. हिरवीताई आत गेल्या, एक चंबू पदराखाली घेतला आणि फाटकातून बाहेर पडल्या.

त्यांच्या जागी पुडीतलं तयार खाणं आलं. पिल्लं मरायची थांबली नाहीत. खाडीकाठची माणसं रिकामी भांडी घेऊन यायची आणि रिकामीच घेऊन जायची. महिना गेला, दुसरा गेला. तिसऱ्या महिन्यात मालकीणबाईंनी सगळी यंत्रं तपासायला एक दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं मला उचललं, इकडेतिकडे बघितलं आणि फळीवरची बाटली काढली. तिचं सील तसंच होतं. बाटलीवर सात लिहिलेलं होतं. त्यानं मला त्यात बुडवलं. माझा काटा साडेसातवर थांबला.

“काका, बाटलीत सात आहे. तुमचं यंत्र अर्धा जास्त सांगतंय.”

“असं कसं? मी रोज लावतो की. एक दिवस चुकवत नाही.”

“कशात लावता?”

“समुद्रात.”

दुरुस्तीवाल्याला आधी थट्टा वाटली, तो हसला. मग काकांचा चेहरा बघून त्याचं हसू आटलं. त्यानं घुंडी फिरवली, काटा सातवर आणला आणि मला सकाळच्या ताज्या पाण्यात सोडलं. सात पॉइंट सात. त्यानं तीनदा बघितलं. मग हळूच म्हणाला, “एवढ्या आंबट पाण्यात पिल्लांना कवच कसं बांधता येईल? बांधतील तेवढं विरघळेल.”

काका स्टुलावर बसले.

त्याच दुपारी त्यांनी मला पिशवीत घातलं आणि हिरवीताईंच्या घरी नेलं. त्या आता लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होत्या. खिडकीत तो चंबू होता, हिरवागार. काकांनी मला इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बाटली, समुद्र, घुंडी, आठ पॉइंट पाच, सगळं. हिरवीताईंनी हातातला सदरा पुरा केला, घडी घातली.

“तीन महिने मी स्वतःला विचारतेय, माझं काय चुकलं. आता झोप तरी लागेल,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पण काका, मला हाकललं अंगणात, सगळ्यांसमोर. आणि चूक कबूल करायला तुम्ही माझ्या घरात आलात?”

काकांनी मान डोलावली आणि मला पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी डब्यांच्या वेळेला काका अंगणाच्या मधोमध उभे राहिले. हिरवीताई फाटकाशी होत्या. काका म्हणाले, “पिल्लं हिनं मारली नाहीत. पाणी बिघडलं होतं आणि ते मी कळू दिलं नाही. हिनं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

कोणीतरी मध्येच म्हणालं, “म्हणजे यंत्र खराब होतं म्हणा ना, काका.”

मित्रांनो, मी त्या क्षणी हेच मागत होतो. म्हणा काका, यंत्र खराब होतं. मला भंगारात टाका, दोष माझ्या नावावर जाऊ दे. तुमची इभ्रत वाचेल आणि मलाही शिक्षा होईल. पण काकांनी मला दोन्ही हातांनी उचललं, पूर्वी शाळेच्या मुलांसमोर उचलायचे तसं, आणि म्हणाले, “यंत्र चांगलं आहे. मीच त्याला बोलू दिलं नाही.” मला भंगारात टाकलं असतं तर मी सुटलो असतो. त्या दोन हातांत मात्र मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मालकीणबाई उठून फाटकाशी गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण त्या आधी बोलल्या आणि हिरवीताई नंतर, आणि मग दोघी आत आल्या.

आता मला रोज सकाळी बाटलीतल्या द्रावणात बुडवतात. टाक्या दुपारी भरतात. पाण्यात मोजून धुण्याचा सोडा घालतात, म्हणजे आंबटपणा मरतो. आकडा वाईट आला तरी हिरवीताई तो दारातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात. निम्म्याहून जास्त पिल्लं जगतात. खाडीकाठची भांडी पुन्हा भरून जाऊ लागली आहेत. काका अजून येतात, पण मला हात लावायच्या आधी हिरवीताईंना विचारतात.

परवा शाळेची मुलं आली होती. हिरवीताईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दोन पिल्लं दाखवली, एक नेटकं आणि एक बिनकवचाचं. मग समजावून सांगितलं की आपण केलेला धूर नुसता वर जात नाही, त्यातला बराच समुद्र पितो, आणि सोडावॉटरला चव देणारा तोच वायू समुद्राला आंबट करतो. गावातलं सांडपाणी त्यात भर घालतं. एका मुलीनं ओळीतून पुढे येऊन विचारलं, “इथं तुम्ही सोडा घालता. बाहेरच्या पिल्लांना कोण घालतं?”

“कोणीच नाही, बाळा,” हिरवीताई म्हणाल्या. “बाहेर शिंपल्यांची पिल्लं आहेत, खेकड्यांची आहेत, आणखी कितीतरी आहेत. त्यांना हेच पाणी मिळतं.”

ती मुलगी काकांकडे वळली. “आजोबा, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. तुम्हाला आधी कसं नाही कळलं?”

मला वाटलं, काका विषय बदलतील. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “कळून घ्यायचं नव्हतं मला,” ते म्हणाले. मुलीला ते पटलं की नाही कोण जाणे. ती पुन्हा ओळीत जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, मला वाटायचं, खरं बोलायला लागलो की लाज जाईल. ती गेली नाही. रोज दुपारी मी खिडकीबाहेरचा समुद्र बघतो. तिथेही काल-परवा जन्मलेली पिल्लं आहेत, आपलं पहिलं कवच बांधायच्या खटपटीत. मी त्यांच्यासाठी काही करू शकत नाही. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत. तुमच्या गावाचं घाण पाणी कुठे जातं ते जाऊन बघा. धूर जिथे कमी करता येईल तिथे करा. आणि घरातलं कोणी मोठं माणूस म्हणालं की समुद्राला काही होत नाही, तर त्यांचा मान ठेवून, पण गप्प न बसता, विचारा, “तुम्ही काटा कशात लावून मोजलंत?”